वापर : वैयक्तिक

डेरिकनं विचारलं, "कशासाठी हवा, लव्ह?"
आणि मी तिथंच अडले.

हडर्सफील्डच्या बाजारामागं त्याचं दुकान,
काचेत वापरून झालेले लॅपटॉप ओळीनं उभे,
ज्याच्या त्याच्या कपाळावर किंमत.

आजवर बोटं चालली ती कौन्सिलच्या कीबोर्डवर.
एकतीस वर्षं, पगार विभाग, दुसरा मजला.
घरी होता तो यांचा,
मग ऋत्विजच्या अभ्यासाचा,
मग यांच्या औषधांच्या वेळांचा,
आणि शेवटी बँकेला पाठवायच्या त्या एका पत्राचा.
मी आपली मधेच बसायचे,
तवा तापेपर्यंत.

ऋत्विज रेडिंगहून म्हणतो, "आई, सफरचंदवाला घे,
डोकं लावावं लागत नाही."
किंमत पाहिली. नाकापेक्षा मोती जड.
आणि डोकं लावायचं नाही, हे कुणी ठरवलं?
शेजारची ब्रेंडा म्हणते, विंडोज.
तिला सवय आहे
अर्ध्या वाक्यात अपडेटसाठी थांबायची.
मी पुष्कळ थांबले.

घेतला तो काळा, कोपरे झिजलेला.
पोटावर विमा कंपनीचं अर्धं फाटलेलं लेबल.
म्हणजे तोही रिटायर्ड.
"लिनक्स टाकून देऊ?"
म्हटलं, पेनड्राइव्ह द्या. मी टाकते.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
ते विचारत गेलं, मी सांगत गेले.
जुनं सगळं पुसायचं? दोनदा विचारलं.
माझं काहीच नव्हतं त्यात,
तरी बोट जरा अडखळलं.

भाषा?
यादी खाली सरकवली. अख्खा युरोप ओलांडला,
ग्रीक गेली, हिब्रू, अरबी,
जुन्या काळच्या बोटीसारखी मी
बंदरामागून बंदर मागं टाकत,
आणि मग: मराठी.

नाव?
कुमुद पोफळे.
कौन्सिलच्या पगारपत्रकावर मी पॉपहेल होते,
आणि ती पत्रकं मीच छापायचे.

ळ सापडायला वीस मिनिटं लागली.
एनच्या खाली दडून बसलेला,
शिफ्ट दाबून धरली की वर येतो.
मग कोऱ्या पानावर लिहीतच सुटले:
पोफळ, केळ, ओंजळ,
कळ, खळखळ, आळस,
आळस,
आळस.

डेरिकला सांगायला हवं, यासाठी.

वायफाय मात्र लागत नाहीये.
ड्रायव्हरचं काहीतरी आहे म्हणे.
उद्या बघू.