कोण पाहू शकेल

प्रकाशित करा, असं निळं बटण
आणि त्याखाली बारीक अक्षरात: कोण पाहू शकेल?
सगळे.
ज्यांच्याकडे लिंक आहे ते.
निवडलेली माणसं.
फक्त मी.

आठ महिने मी 'फक्त मी'त राहिले,
दांड्याच्या खोलीत, फ्रीजवर राउटर,
फ्रीजमध्ये मामीचे उद्याचे बोंबील.
हरेश्वरमामा सांगायचा, मी टिंब द्यायची.
एकतीस खडप, एकोणीस खुंटांच्या जागा,
कुठल्या भांगाला घोळ कुठे येते,
आणि नावं: म्हातारीची चूल, दोन भावांचं भांडण,
आणि जिथे पोशाआजाचं घड्याळ पाण्यात पडलं ते
साडेनऊ.

समुद्रात पाटी लावता येत नाही,
म्हणून खुणा सगळ्या किनाऱ्यावर.
टेकडीवरचं चर्च ताडामागे गेलं
आणि साबण कारखान्याची चिमणी टाकीला टेकली
की नांगर टाक.
आता ताड नाही. टाकीच्या जागी बेचाळीस मजले.
मामा तरी तिकडेच बघून सुकाणू वळवतो,
मजल्यांच्या आरपार.

मग पुलाची नोटीस आली.
येथे मासेमारी होते याचा पुरावा सादर करावा,
नकाशासह, तीस दिवसांत.
सोसायटीच्या मिटिंगीत वामन केणी म्हणाला,
टाक सगळ्यांसाठी. कागदावर नसलेला समुद्र
भराव घालायला सोपा.
गजरा तांडेल उठली, हाताला अजून कोलंबीची सालं:
उद्या पर्ससीनवाले मोबाइल बघत येतील,
तुझं टिंब वाचून एका रात्रीत
खडप झाडून नेतील.
मग कर सिद्ध.

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत.

मामा बोलला शेवटी, तेही बाहेर जाऊन
तंबाखू थुंकून आल्यावर:
नाव दे. ओळ नको देऊ.

तर आता असं आहे.
नावं सगळ्यांना दिसतात. होड्यांचे फोटो दिसतात,
गजराचा आवाज ऐकू येतो, मागे कुत्रं भुंकतं तेही.
टिंबाच्या जागी फिकट निळा डाग,
एवढा मोठा की त्यात परका हरवेल.
नोटिशीला पुरेल, जाळ्याला पुरणार नाही.
खऱ्या ओळी सात जणांना.
सातांपैकी तिघांना ईमेल नाही,
नातवंडांचे घातले.
एकाचा पत्ता 'डॅशिंगराजा'पासून सुरू होतो.
असू दे. तो आता या पाण्याचा वारस.
पासवर्ड होळीच्या वर्गणीच्या वहीत, मागच्या पानावर,
तीन वर्षांपूर्वीच्या थकबाकीखाली,
जिथे कुणी स्वतःहून बघत नाही.

रविवारी ओहोटी लागली तेव्हा बटण दाबलं.
काही झालं नाही.
म्हणजे वर हिरवी पट्टी आली,
तुमचा प्रकल्प आता खुला आहे,
आणि खाली गल्लीत कुणीतरी
बंद पडलेल्या मोटरसायकलला किक मारत राहिलं.

रात्री दीडला फोन उजळला.
हरेश्वर पोशा वैती यांनी परवानगी मागितली आहे.

सात नावं मोजून घातली होती मी,
दोनदा तपासली होती.
ज्याने त्या सातांना शिकवलं
तो दाराबाहेर उभा.
'द्या' आणि 'नाकारा' शेजारी शेजारी,
मध्ये बोटभर जागा.
बराच वेळ नुसती बघत बसले.
मग दिली परवानगी,
जशी काही माझी होती.

पहाटे चारला त्याचाच फोन.
साडेनऊ चुकलाय गो. अजून उत्तरेला पायजे.
किती?
पलीकडे इंजिन खोकलं, लागलं.
ते होडीत सांगेन.