पाच काठ्या

सप्टेंबरात हिमनदीवर चढलो
तेव्हा सातातल्या पाचच काठ्या उभ्या होत्या.
तोक्तोबेकनं घोडे धरले, मी टेप.
एकशे बारा. सत्त्याण्णव. एकशे एकतीस.
एकशे चार. एकशे एकवीस.
इतके सेंटिमीटर बर्फ एका उन्हाळ्यात
पाणी होऊन नारिनकडे उतरलं.

सरासरी एकशे तेरा.
बिश्केकच्या तक्त्यात तेवढंच मागतात:
एक चौकोन, एक आकडा.

रात्री तंबूत, मेंढीच्या चरबीच्या वासात
वजाबाक्या केल्या, वर्ग केले,
बेरीज आली सातशे सव्वीस,
भागायला घेतले चार.
"काठ्या तर पाच," तोक्तोबेक म्हणाला.
पाचच. पण सरासरी त्यांच्याच पदरची;
चौघी बोलून झाल्या की पाचवीला
स्वतःचं म्हणून काही बोलायचं उरत नाही.

मग कोष्टक उघडलं.
काठ्या पुष्कळ असत्या तर दोनाच्या आत भागलं असतं.
चारांच्या ओळीत पावणेतीनाच्याही वर.
थोडं पाहिलेल्यानं हात जास्त पसरावेत,
एवढंच ते सांगतं, कुणाचा अपमान न करता.
शहाण्णव ते एकशे तीस.

"खरा आकडा यात सापडलाच का?"
शंभरात पंच्याण्णव, मी म्हणाले,
आणि जीभ चावली.

तो चहा फुंकत राहिला.
"धुक्यात घोडा धरतात तसं.
घोडा कुठं हलतो? उभ्यानं झोपलेला असतो.
हलतो तो फास.
माझे विसातले एकोणीस मानेत पडतात.
पण हा आत्ता टाकलेला?
पडला असेल, नाहीतर नसेल.
दोर ओढल्यावर कळेल."

आम्हांला दोर ओढता येत नाही, तोक्तोबेक.
टाकायचा, आणि घरी जायचं.

तो हसला नाही. बराच वेळानं विचारलं,
"आणि त्या दोघी?"

सहावी ओढ्यात आडवी सापडली होती,
सातवी सापडलीच नाही.
दोघी हिमनदीच्या तोंडाशी रोवलेल्या,
जिथं ऊन पहिल्यांदा येतं आणि शेवटी जातं.
पायाखालचं सगळं वितळलं म्हणूनच पडल्या.
माझा फास विणला होता
उभ्या राहिलेल्यांच्या केसांचा.

चौकोनात दोन आकडे मावले नाहीत,
रेघेबाहेर गेले. जाऊ दिले.
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
दोन काठ्या पडल्या.
बहुधा त्यांना जास्त माहीत होतं.