कोंबड्यांपर्यंत जाऊन येणं

सिल्वीनं शिवणयंत्र नेलं डुलुथला,
मागच्या सीटवर पट्टा लावून, लहान मुलाला नेतात तसं.
माझ्या वाट्याला ही आली:
ॲल्युमिनियमची, डाव्या कुशीला पोचा,
झाकणावर काचेचं बोंड,
पोटात एक पोकळ दांडी आणि भोकाभोकांची डबी.
दुकानात हिला पर्कोलेटर म्हणत.
आईच्या तोंडी नुसतं 'ती'.
ती ठेव. ती उतरव.
रेनो, तिला साबण लावू नकोस.

फेब्रुवारी. सुपीरिअर सरोवर
नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि मुकं.
खिडकीच्या निम्म्यावर बर्फ.

पहिल्या दिवशी कॉफी पाणचट झाली.
दुसऱ्या दिवशी जळकी,
तांब्याच्या खाणीतून उपसून आणल्यासारखी.
माप तर मला पाठ होतं:
माणशी एक चमचा,
आणि एक, जो कोण दारात येईल त्याचा.
मिठाची चिमूट. अंड्याचं टरफल चुरून.
पाणी विहिरीचंच.
सगळं तेच, आणि चव परक्या घरची.

सिल्वीला फोन लावला.
किती मिनिटं ठेवायची गं ती?
'मिनिटं?' ती म्हणाली,
'आईनं कधी घड्याळ बघितलं होतं का?
बोंडात पहिला थेंब उडाला की आच बारीक करायची
आणि कोंबड्यांना दाणे टाकून यायची.
आली की झालेली असायची.'
मग आम्ही दोघंही जरा वेळ
तारेतली खरखर ऐकत राहिलो.

कोंबड्या जाऊन दोन हिवाळे झाले.
शेवटची तांबडी कोल्ह्यानं नेली
तेव्हा आई म्हणाली होती, त्यालाही पोट आहे,
आणि दिवसभर कुणाशी बोलली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बोंडात थेंब उडाला.
आच बारीक केली. बूट चढवले.
खुराड्यापर्यंत एकेचाळीस पावलं.
कडी गोठलेली, ती फुंकून फुंकून काढली.
आत रिकाम्या फळ्या, एक पीस, तो जुना आंबूस वास,
आणि दाणे मोजायचा तिचा टिनचा पेला, खिळ्याला.
दार लावलं, परत आलो.
कॉफी फिकी.

मग लक्षात आलं: मी माझ्या पायांनी गेलो होतो.

चौथ्या दिवशी तिच्या गुडघ्यानं गेलो.
डावा पाय ओढत, कुंपणाच्या तिसऱ्या खांबाला धरून,
जिथं ती दम खायची तिथं थांबून.
खुराड्यात ती बोलायची, तोही वेळ धरायला हवा.
मला सुचेना. फळ्यांना म्हणालो,
टाउनोनं होडी विकली.
गिरणीच्या पुलावरचा दिवा अजून बंदच आहे.
आणि, बराच वेळानं, आईलाही सांगितलं नसतं असं एक.

बाहेर आलो तर रस्त्यावर टाउनोच उभा, फावडं खांद्यावर.
'कोंबड्या घेतल्यास?'
'नाही,' म्हटलं, 'कॉफी ठेवलीय.'
त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुराड्याकडे पाहिलं,
आणि काही न विचारता बूट झटकत माझ्या मागून आत आला.

आतली गुडगुड आता जाड झाली होती,
म्हाताऱ्या माणसानं घसा खाकरावा तशी.
बोंडात घोड्याच्या पाठीचा रंग.
टाउनोनं साखरेचा खडा दातांत धरला,
बशीत ओतून भुरकली.
वेलदोड्याच्या पावाचा तुकडा मोडला, बुडवला, चघळला.
'कडू आहे जरा,' म्हणाला.
मग बशी पुढं सरकवत,
'लेम्पीचीही असायची.'

तो गेल्यावर चोथा राखेत कालवला
आणि वाटेवरच्या बर्फावर पसरला, तिसऱ्या खांबापर्यंत,
तिथं फार निसरडं आहे,
आणि सकाळी जायचंय.