दुपारी तीनला बिघाड नसतो

पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन वाजले होते.
क्लाइपेदा बंदर, सात नंबरच्या धक्क्यामागचं कॅन्टीन,
बाहेर उणे नऊ, आणि खाडीवरचा वारा
कानाची पाळी हुडकत फिरणारा.
गेनोवाइते म्हणाली, "ऐन गर्दीत दगा देतो.
दिवा लागतो, पंखा फिरतो, आकडे उतरतात,
आणि कुगेलिस निघतो ठेवला तसाच, गारढोण."
मी लिटरभर पाणी ठेवलं, मिनिटभर थांबलो,
थर्मामीटर बुडवला.
पंचवीस अंश चढलं होतं. ठणठणीत.
वैद्य दाराशी आला की ताप उतरतो, तसं.

दुसऱ्यांदा पत्रा उघडला.
प्लग काढला म्हणजे वीज गेली, असं मानणारे
आमच्या धंद्यात फार दिवस टिकत नाहीत.
कपॅसिटर पोटात धरून बसतो,
जुनं भांडण धरून बसणाऱ्या मेव्हण्यासारखा.
आधी त्याला रिकामा केला, मग मीटर.
दोन मॅग्नेट्रॉन, जुळे; फिलामेंट दोन्हींची
अर्ध्या ओमच्या आत. बॉडीशी लावून पाहिलं: अनंत.
(मीटरवर अनंत म्हणजे नुसती दोन अक्षरं.)
दाराच्या तिन्ही स्विचांनी आपापल्या पाळीला
टिक म्हटलं. थर्मल कटआउटचं सर्किट बंद,
म्हणजे चालू. बंद म्हणजे चालू,
हे माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही.

तिसऱ्यांदा तोच कटआउट बदलला,
निव्वळ काहीतरी बदलायचं म्हणून.
बासष्ट युरो. गेनोवाइतेने गल्ल्यातली नाणी
ओल्या बोटांनी मोजून दिली.
काही न सापडल्याचे पैसे
घरी जाईपर्यंत खिशात वाजत राहतात.

मग एका बुधवारी बाराला गेलो,
हत्यारांची पेटी गाडीतच ठेवून,
ट्रे घेऊन रांगेत, माझ्यापुढे क्रेनवाला रिमगाउदास
आणि त्याची सगळी टोळी, भिजलेली, वाफाळणारी.
एकेकाने हातमोजे काढले.
एकेकाने ते ओव्हनवर मांडले,
मांडले म्हणजे मागच्या जाळीवरून खाली सोडले,
अकरा जोड्या, बोटं खाली,
सरावाने, न बघता,
घरी खुंटीला टोपी अडकवावी तसे.

बारा वीसला पंख्याचा सूर एक पट्टी चढला.
कोंडलेली हवा लोकरीतून वाट काढू बघत होती.
मोज्यांतून मिठाचा वास यायला लागला.
बारा एकतीसला आतली घरघर थांबली.
दिवा होता. पंखा होता. आकडे उतरत होते.
आणि कोणाच्याही सुपातून वाफ नव्हती.

मी गेनोवाइतेकडे पाहिलं.
ती कधीपासून माझ्याकडेच बघत होती.
"कपडे बदलायच्या खोलीतला हीटर
कंपनीच्या कागदावर चालू आहे," ती म्हणाली.
"नोव्हेंबरपासून कागदावरच.
आता तू स्वच्छता खात्याला कळवणार?"
तीनला माझ्या यायच्या आत
मोजे वाळून, हातांत चढून, क्रेनवर गेलेले असायचे.
ती जागाही फडक्याने पुसलेली.

गाडीत एक जुनी जाळी होती, दुसऱ्याच ओव्हनची.
ती वाकवली, भिंतीला ठोकली,
जाळीपासून वीतभर वर आणि वीतभर लांब:
गरम हवा मोकळी सुटेल, आणि जाता जाता
बोटांना लागेल. खिळा दोनदा वाकडा गेला.
रिमगाउदासने न विचारता टोक धरलं,
त्याच्या तळव्याला दोरखंडाच्या जुन्या भेगा.

पावतीवर एक रकाना असतो: बिघाडाचं कारण.
लिहिलं, "हवा कोंडली होती."
आकार: शून्य.
त्याखाली आणखी एक रकाना: इतर शिफारशी.
तो आम्ही कधीच भरत नाही.
मी लिहिलं: हीटर,
आणि पेन थंडीने अडलं,
कागद ओरखडला, शब्द उमटला नाही.
पेन काखेत धरून ऊब दिली.
पुन्हा लिहिलं.