टक्

पंखा तुझ्याकडे वळव, लिओदेगार, आणि बस.
बाकोलोदची पहिली बोट सोडून आलास
म्हणजे काठीचंच काहीतरी बिनसलं असणार.
आण इकडे.

हिला विसरलो नाही मी.
मूठ कामागोंगची, पाण्यात टाकली तर बुडेल इतकी जड.
कापताना भुसा काजळासारखा उडतो,
आठवडाभर शिंकेतून काळं येतं.
पुढचा दांडा कॅनडातल्या मेपलचा.
इथल्या दमट हवेत आला तेव्हा
परक्या घरी जेवायला बसल्यासारखा अंग चोरून होता.
चार वर्षं टांगून ठेवला छताखाली.
दर काही महिन्यांनी लेथवर एकच फेर,
केसभर साल, की पुन्हा टांगायचा.
घाई केली तर लाकूड वाकतं,
तेही गिऱ्हाइकानं पैसे दिल्यानंतर.

एकदा वादळानं पत्रे नेले.
बायको ओरडली, आधी तांदूळ झाका.
मी मेपल झाकला.
त्या तांदळांचा विषय आमच्या घरात
अजून निघतो.

तुझा हात मला पाठ आहे.
कोपर खुंटीला अडकवल्यासारखं,
हलतो तेवढा खालचा हात.
तीन झोके, मग थांबतोस,
चावण्याआधी डास थांबतो तितकाच,
आणि सोडतोस.
रोवेनाचं तसं नाही.
तिचा हात म्हणजे दार लोटावं हळूच,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.

काल नऊ-नऊ. शेवटचा डाव.
पांढरा आणि सात नंबर यांच्या मधे
सिगारेटचा कागद सरकेल एवढीच फट.
नियम तुला मी काय सांगणार :
टोक पांढऱ्याला दोनदा लागलं की फाउल,
चेंडू समोरच्याच्या हाती, हवा तिथे मांडावा.
पण पंचाला दिसलं पाहिजे.
नाही दिसलं, तर शंका मारणाऱ्याच्या पदरात.
पंच पलीकडे उभा,
त्याच्या आणि चेंडूच्या मधे तुझी पाठ.

आणि एक नियम आम्हा बघ्यांचा :
तोंड उघडायचं नाही.
खुर्चीतल्या पोरीला बापानं
भुवईनंसुद्धा काही सांगायचं नाही.
मी टोपी मांडीवर घेऊन बसलो होतो.
मोतीबिंदू पिकलाय,
चार हातांपलीकडे सगळं हिरवट धुकं.
पण कडी बसवताना, चामडं चिकटवताना
या काठीचा आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय.
टक्.
काल ऐकला,
टक्-टक्.

मग टाळ्या. मग तुझा सात, आठ, नऊ.
रोवेनानं हात मिळवला तुझ्याशी,
माझ्याकडे पाहिलं नाही.
जीपनीत एवढंच म्हणाली,
भात उरलाय का?

आणि आता तू म्हणतोस
टोक सैल झालंय,
कालपासून दोनदा वाजतंय,
रात्रभर हॉटेलातल्या पलंगावर बसून ऐकलंस,
बदलून द्या.

थांब. बोलू नकोस.
टक्.
ऐकलंस? पुन्हा ऐक.
टक्.
चामडं घट्ट आहे. कडीला चीर नाही.
काचेवर लोळवली, कुठे खडखडत नाही.

लाकूड खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही.
लाकूड फार खोटं बोलतं,
चार-चार वर्षं बोलत राहतं,
म्हणून तर टांगतो.
पण हिचं बोलून झालंय.
ही एकदाच वाजते.

पैसे खिशात ठेव. कसले पैसे?
दुसरी बोट दहाला आहे.
निघालास तर दार हळू लोट.
ती झोपली आहे,
आणि बसायचं असेल
तर ती उठेपर्यंत बस.