एल, आय, आणि पुढं काही नाही

पहाटे पाच. ट्वोरोयरीच्या मासळीच्या लिलावघरात
रात्री गेलेली वीज आत्ता आली.
काट्याला जोडलेलं जुनं यंत्र चालू केलं,
काळ्या पडद्यावर एल उमटला,
मग आय,
आणि पुढं काही नाही.

धक्क्याला दोन बोटी. बर्फात कॉड.
वजनाची चिठ्ठी निघाल्याशिवाय
बोली सुरू होत नाही.

हेरगेयर आता आल्बोर्गला असतो, मुलीकडे.
फोनवर एवढंच विचारलं त्यानं:
किती अक्षरं आली?
दोन.
"मग निम्म्या वाटेत अडलाय. काय हलवलंस, सुन्वा?"

काही नाही, असं म्हणणार होते.
पण काल दुपारी मी डिस्क आवरली होती,
फायली उचलून दुसऱ्या कप्प्यात लावल्या होत्या,
फडताळातल्या बरण्यांसारख्या.

"त्याला नावं कळत नाहीत गं, कप्पेही नाहीत.
पहिल्या पाचशे बारा बाइटांत कितीसं मावणार?
डिस्कवरचा कितवा तुकडा, तेवढे आकडे पाठ.
डोळे मिटून तिथं जातो,
तर तिथं आता दुसरंच कोणी."

आणि मग, मध्येच, बापाची गोष्ट.
बापानं त्याला मासे दाखवले ते असे:
चर्चचं टोक डोंगराच्या खाचेत येऊ दे,
लाल वखार कड्याआड जाऊ दे,
मग गळ सोड.
एका उन्हाळ्यात वखार पाडली.
मासे होते तिथंच होते,
म्हातारा महिनाभर रिकाम्या पाण्यात.

कॉफीच्या डब्यातली फ्लॉपी सापडली,
हेरगेयरच्या अक्षरात चिठ्ठी: अडलं तर ही.
तिच्यावरून यंत्र उठवलं, तो सांगेल तसं टाइप केलं.
सगळ्या जागा त्याला पुन्हा सांगितल्या.
सांगाव्याच लागतात, दर वेळी,
आपण हललो की.

पडद्यावर नव्याचं नाव आलं, शेजारी एक तारका.
खाली जुन्याचंही नाव, तारकेविना,
नवा रुसला तर म्हणून ठेवलेलं.
पुन्हा चालू केलं. या खेपेला चारही अक्षरं.
पाच सेकंद तो थांबला,
कोण हवंय ते विचारत.
मी काहीच दाबलं नाही.

काट्यावर शून्य आलं. बाहेर कोणीतरी शीळ घातली.

हेरगेयरनं फोन ठेवला नव्हता.
"त्या वखारीच्या जागी आता काय आहे गं?"
मी खिडकीची वाफ पुसली.
गाड्या, म्हटलं. पार्किंग.
"कुठल्या रंगाच्या?"