पावलांचं माप

बिडी कारखान्याच्या जुन्या कागदावर
निंगव्वानं माझा पाय ठेवायला लावला
आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.
अंगठ्याशी गुदगुल्या झाल्या.
"हलू नको गे हौसाक्का, चप्पल वाकडी येतीय."
मग माझा दुसरा, मग तिचे दोन.
चार पावलं कागदावर,
अजून कुठेच न गेलेली.

कागद उद्याच्या बसनं अथणीला जाईल.
रेवाप्पा म्हणाला, दुहेरी तळ घालून देतो,
तेल तेवढं तुम्ही पाजा.

चाळीस वर्षं आम्ही निपाणीच्या एकाच पडवीत बसलो,
मांडीवर सूप, सुपात पान नि तंबाखू.
चालले ते हात. रोज हजार बिड्या.
ती कन्नडात मोजायची, मी मराठीत,
कट्टा दोघींचाही पंचवीसचाच भरायचा.
पाय खाली घडी घालून ठेवलेले,
लग्नापुरत्या काढायच्या सतरंजीसारखे.
आता तेच आम्हाला नेणार आहेत म्हणे
सहाशे किलोमीटर, श्रीशैलला,
पाडव्याच्या आत, मल्लय्याच्या दारी.

पहिल्या दिवशी तवंदीचा घाटसुद्धा गाठला नाही.
चढ लागला तशी मी दगडावर बसले.
निंगव्वा पुढे. मागे न बघताच म्हणाली,
"नडी."
नडी म्हणजे चल.
शब्द मला लग्नाच्या आधीपासून येतो,
पिंढऱ्यांना तो त्या दिवशी कळला.

पिशवीवरून भांडलो.
ती म्हणते कडक भाकरी, शेंगाचटणी, एक तांब्या. साकु.
मी म्हणते साखरेच्या गोळ्या, मलम, बॅटरी,
जास्तीचं लुगडं, आणि माझी उशी.
"उशी? मल्लय्यानं झोपायला बोलवलंय काय तुला?"
दोन दिवस पडवीत नुसती कात्री बोलली.
तिसऱ्या दिवशी तिनं माझी उशी उसवून नेली,
अर्धा कापूस काढला,
आणि मुठीत मावेल एवढी शिवून आणली.

खरं सांगायचं तर तो माझा देव नव्हे.
मला मागायचं असं काही नाही.
तिला काय मागायचंय, हे एकदाच विचारलं.
ती सुपातला चुरा पाखडत राहिली,
तंबाखू उडाला, दोघींना शिंका आल्या,
प्रश्न तिथेच राहिला.

नातू, प्रज्वल, फोनवर रस्ता दाखवतो.
बोट दोनदा ओढलं की श्रीशैल.
"आज्जे, बस आहे की. एका रात्रीत पोचतीस."
येताना येतो की बसनं, म्हटलं.

पाट्यांचं आम्ही वाटून घेतलंय.
गावातली मराठी मी वाचते, कन्नड ती.
पाट्यांना डांबर फासलेले दिवस दोघींनी पाहिलेत,
तेव्हा काम बंद, मजुरी बंद,
आणि तिच्या म्हशीचं दूध
भिंतीवरून माझ्या पातेल्यात.
चिकोडी सुटली की वाचायचं सगळं तिच्याकडे,
मी नुसती चालायची.
रायचूर मागे पडलं की पाट्या तेलुगू.
निंगव्वा म्हणते, अक्षरं ओळखीची वाटतात,
जत्रेत कुणी पावणं दिसावं आणि नाव आठवू नये तशी.
म्हणजे तिथून पुढे दोघीही अडाणी.
देवापेक्षा मला त्या मुलखाचीच ओढ जास्त:
दोन म्हाताऱ्या, एक पाटी,
आणि कुणीतरी ताकाचा तांब्या घेऊन
हातानंच सांगणार, इकडं, इकडं.

काल चपला आल्या.
कागदही परत आला, पावलांत नवे आकडे लिहिलेला.
रात्री करडीचं तेल पाजून पडवीत ठेवल्या,
चार जनावरं पाणी पिऊन बसावीत तशा.

पहाटे चारला तिनं भिंतीवर दोनदा ठोकलं.
मी चपला हातात घेऊन बाहेर आले, अंगण ओलांडून घातल्या.
करकर. करकर. कुत्रीसुद्धा बघायला लागली.
अजून अकरा दिवस आहेत.
डावी करंगळीपाशी चावते.
तिला सांगितलेलं नाही.